थंडवरच राहिलेला काटा

आमच्या जीपचा तापमानाचा काटा वर्षभर थंडवरच होता. आमचे हे कौतुकाने सांगायचे, "आपली गाडी घाटातही तापत नाही." परवा बॉनेटमधून वाफ आली, तरी काटा जागचा हलला नाही.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी इंजिनवरच्या सेन्सरची वायर काढली आणि तिचं टोक इंजिनच्या लोखंडाला टेकवलं. "वहिनी, काट्याकडे बघा." काटा सरसर लालपर्यंत गेला.

"काटा चांगला आहे," मिस्त्री म्हणाले. "सेन्सर गेलाय. इंजिन तापलेलं काट्याला कळतच नव्हतं."

ह्यांनी बॉनेटवर हळूच तळहात ठेवला, तापातल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मला सासरी गेलेली आमची सुमन आठवली. फोनवर कधीही विचारलं तरी म्हणते, "बरी आहे गं आई." आम्हीही चारचौघांत सांगतो, पोर सुखात आहे. दोन महिने तिचा आवाज बारीक येतोय, हे मी कुणाला बोलले नव्हते.

सेन्सर बदलून आणि रेडिएटरची गळती बंद करून झाल्यावर मी ह्यांना म्हटलं, "घरी नको, सुमनकडे चला."

"अगं, आधी फोन तरी कर."

"नको. फोनवर ती रोज बरी असते."