उजवीकडे म्हणजे घट्ट

हसायचं असेल ना, तर आत्ताच हसून घ्या. मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून सांगायची ताकद माझ्यात उरलेली नाही. दोन्ही गुडघ्यांना तेल चोळून बसलोय, आणि अशी फजिती सांगतोय की बायकोलासुद्धा अजून अर्धीच कळलीय.

एकतीस वर्षं मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवला. निवृत्त झालो तेव्हा ठरवलं होतं, आता पान्याला हात लावायचा नाही. मे महिन्यातली धुळ्याची दुपार म्हणजे पडदे ओढून, कूलर लावून आडवं व्हायची वेळ. त्याच वेळी दारात हिरामण उभा!

हिरामण म्हणजे माझा जुना विद्यार्थी. सोनगीरजवळ त्याचं शेत आहे. तिथं यंदा त्याने लोकांसाठी पोहण्याचा तलाव बांधला.

"सर, पंपाच्या जोडातून पाणी गळतंय. चार वाजता धुळ्याच्या भजनी मंडळाच्या बाया येणार आहेत. पहिलंच गिऱ्हाईक आहे. मेकॅनिक फोन उचलत नाही."

"किती गळतंय?"

"थेंब थेंब."

थेंब थेंब! एवढ्यासाठी माझी झोप मोडली! पण 'सर' म्हटलं की माणूस फुगतो हो. बसलो त्याच्या मोटारसायकलवर मागे.

पंप होता तलावाशेजारच्या खड्ड्यात, पाच पायऱ्या खाली. आत भट्टी! पंपाचं तोंड भिंतीकडे, आणि पाइप जोडणारा प्लास्टिकचा मोठा नट त्या तोंडावर. भिंतीच्या बाजूला शिरायचं तर आडवं व्हावं लागणार. या गुडघ्यांनी? मी मोटरच्या बाजूनेच वाकलो आणि पंपावरून हात पलीकडे घातला. नट दिसत नव्हता, हाताला लागत होता. तेवढं पुरे!

मेन स्विच पाडून ठेवला होता, एवढी अक्कल शाबूत होती.

"सर, तलावाकडचा व्हॉल्व्ह बंद करू का?"

"कशाला? पाव फेऱ्याचं काम आहे. उजवीकडे म्हणजे घट्ट. विसरलास?"

पान्याने उजवीकडे पाव फेरा मारला. थेंबाची धार झाली.

"सर, ते..."

"थांब रे! आटे बसताना थोडं पाणी सोडतात."

असलं काही नसतं. हे वाक्य मी त्याच क्षणी जन्माला घातलं.

अजून पाव फेरा. धार मनगटाएवढी जाड झाली आणि माझ्या बाहीतून आत शिरून बगलेपर्यंत पोचली.

"सर, मी काय म्हणतो..."

"मध्ये बोलू नकोस! आतलं रबर कुजलंय. आवळल्याशिवाय दबणार नाही."

वर पायरीवर हिरामणची आई, अक्का, येऊन उभी राहिली होती. कमरेवर हात ठेवून तिने थोडा वेळ माझी कारागिरी पाहिली.

"काय हो सर," ती म्हणाली, "तुम्ही आवळी राह्यनात का सोडी राह्यनात?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता! मी दात आवळले, होता नव्हता तेवढा जोर लावला आणि उजवीकडे एक दणदणीत फेरा मारला.

नट माझ्या हातात आला.

पुढचं काय सांगू? अख्खा तलाव माझ्या छातीवर! चष्मा गेला, पाना गेला, मी पायरीवर बसकण मारली. सगळं पाणी वाहून चाललं म्हणून अक्का वरून ओरडत होती, "अरे हिरामण, पानी बठ्ठं वाही गे! सरले धर!"

हिरामणने सरांना नाही, व्हॉल्व्हला धरलं. कंबरभर पाण्यात बुडी मारून तो बंद केला. मग खड्ड्यातलं पाणी उपसून भिंतीच्या बाजूला शिरला, रबर पुसून नीट बसवलं, नट हाताने, नुसत्या हाताने, फिरवला आणि व्हॉल्व्ह उघडला. एक थेंब नाही!

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. समोरून जे उजवीकडे, ते मागून डावीकडे! मी मघापासून प्रामाणिकपणे, घाम गाळून, नट सोडत होतो.

चारला बाया आल्या. तलाव वीतभर उतरला होता, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलो मी. नखशिखांत भिजलेला, बिनचष्म्याचा.

"काका पोहून आले वाटतं! पाणी कसं आहे हो?"

"गार आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग हिरामणचा लेंगा घालून ओट्यावर चहा घेत बसलो. अंगात त्राण नव्हतं, पण राहवेना.

"हिरामण, खरं सांग. मी उलटा फिरवतोय हे तुला कधी कळलं?"

"पहिल्याच पाव फेऱ्याला, सर."

"मग ओरडून सांगायचं ना, गाढवा!"

तो लाजला. खाली बघत म्हणाला, "प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मी हेच केलं होतं, सर. मागून हात घालून नट उलटा फिरवला. तुम्ही नापास केलंत. मी म्हटलं, सर, मागून दिसत नव्हतं. तुम्ही म्हणालात, फिटरला दिसावं लागत नाही, समजावं लागतं. म्हणून आज वाटलं... सरांना समजत असेल."

मी कप खाली ठेवला.

"धुळ्याची बस किती वाजता आहे रे?"