दोन काठवटी, दोन चिठ्ठ्या

शुद्धलेखन चुकलं असेल, अक्षरही वाकडंतिकडं आहे, माफ करा — चौथीपर्यंतच शिकले मी. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरातही नाही.

धुळ्यात नानांकडे मी झाडपूस करते. नानांनी आयुष्यभर गावोगावच्या जुन्या वस्तू जमवल्या. प्रत्येकीला दोऱ्यानं चिठ्ठी — कुणाची, कुठल्या गावची. ते सगळं जळगावच्या एका संग्रहालयानं घ्यायचं ठरवलं. तिथल्या मॅडम उद्या येणार म्हटल्यावर मला काय सुचावं? पाहुण्यांपुढे कळकट वस्तू कशा मांडायच्या? चिठ्ठ्या भिजू नयेत म्हणून सोडल्या आणि सगळं राखेनं घासून काढलं!

मग कुठली चिठ्ठी कशाची? बहुतेक ओळखल्या. पीठ मळायच्या दोन लाकडी काठवटी मात्र सारख्याच; एकीला पत्र्याची पट्टी होती, पण ती कुणाची ते आठवेना. त्यांच्या चिठ्ठ्या अंदाजानं बांधल्या. नानांना विचारायला काय जात होतं माझं?

मॅडमनी चिठ्ठ्यांवरून रजिस्टर भरलं. "एक चिठ्ठी हरवली नाही पोरीनं," म्हणत नानांनी मला दोन हजार बक्षीस दिले. घेतले मी.

एवढ्यावर थांबतं तरी — पण कुठलं! संग्रहालयात नानांच्या वस्तूंचं दालन उघडलं त्या दिवशी नानांनी मलाही नेलं, आणि तिथं सोनगीरच्या अक्का आल्या. एक काठवट त्यांनीच दिलेली, आईचं नाव लावायच्या बोलीवर. नाव होतं. अक्कांनी काठवटीवरून हात फिरवला.

"हाई मन्ही मायनी नही शे. तिले पत्रानी पट्टी व्हती."

"अक्का, वय झालं तुमचं. रजिस्टरात लिहिलंय ना!" मॅडम म्हणाल्या.

"तुन्हा रजिस्टरनी खादी का व मन्ही मायनी भाकर?"

सगळे हसले. नानाही. आणि मी? ती पट्टी मी या हातांनी घासली होती. अक्कांपासून दोन हातांच्या अंतरावर उभी होते. पट्टीची काठवट संग्रहालयाच्या गोदामात होती. तिच्या चिठ्ठीवर नुसतं 'जुना बाजार', मालकीण माहीत नाही, म्हणून मांडलीच नव्हती.

जाताना अक्का मलाच म्हणाल्या, "इसरनी व्हसू मी, माय."

स्वतःच्या आईची काठवट विसरेल का कुणी? तरी मी मान डोलावली. डोलावली! याचा संताप अजून जात नाही.

तेव्हापासून दर महिन्याला दोनशे नानांना परत देते. "बक्षीस कुणी परत करतं का गं?" ते वैतागतात. कारण मी सांगत नाही. आज शेवटचे दोनशे दिले. दोन हजार पुरे झाले. काठवट गोदामातच आहे.