वहिनींची आवृत्ती

माझ्या काकांना 'नाही' म्हणता येत नाही. माणूस म्हणून हा त्यांचा गुण असेल. उत्पादन विभागाचे प्रमुख म्हणून ती आपत्ती आहे. आमचा उत्पादन विभाग म्हणजे मालवणजवळच्या आमच्या घराला लागून असलेली पत्र्याची खोली. तिथे मी आणि काका विहिरीवरच्या पंपासाठी नियंत्रक पेट्या बनवतो. टाकी भरली की पेटी भोंगा वाजवते आणि पंप बंद करते. आतला परिपथ माझा, कारण मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकले. जोडणी करणे आणि घरोघर पेट्या बसवणे काकांचे, कारण उमेदीची वर्षे त्यांनी बोटींवर इलेक्ट्रिशियन म्हणून काढली, आणि गावातल्या प्रत्येक पडवीत त्यांच्यासाठी चहा तयार असतो.

सुरुवातीलाच मी नियम घातला: पेटीत जे असेल ते ड्रॉइंगवर असलेच पाहिजे. बदल हवा तर आधी ड्रॉइंग बदलायचे, त्याला नवा आवृत्ती-क्रमांक द्यायचा, आणि मगच सोल्डरिंगला हात लावायचा. काकांनी सारे शांतपणे ऐकले आणि ड्रॉइंगवरच्या 'तपासले' या रकान्यात वळणदार सही ठोकली. न वाचता.

"काका, वाचा तरी!"

"तू काढलंस ना? मगे वाचूक कित्याक व्हया? माजो काय तुझ्यार इस्वास नाय?"

तपासणे हा त्यांच्या लेखी पुतणीचा अपमान होता. गुणवत्ता-नियंत्रणाच्या अभ्यासक्रमात या अडचणीवर एकही प्रकरण नव्हते.

मग कोल्हापूरच्या एका घाऊक विक्रेत्याला आमची पेटी आवडली. वर्षभराची मागणी नोंदवायला तो तयार होता. मात्र त्याचा अभियंता येऊन गावात बसवलेल्या पेट्यांपैकी हव्या त्या उघडणार आणि ड्रॉइंगशी ताडून पाहणार होता. मागणी मिळाली तर आमच्या खोलीचा कारखाना होणार होता. न मिळाली तर पुण्यातल्या एका नोकरीला होकार कळवण्यावाचून मला गत्यंतर नव्हते, आणि ती नोकरी मला मुळीच नको होती.

अभियंता आला. पहिली पेटी त्याने शेजारच्या काकीकडची निवडली. काकांची ती मानलेली वहिनी. झाकण उघडले. भोंग्याची तार कापून, तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून, अगदी देखणेपणाने बाजूला वळवून ठेवलेली होती.

"ही कोणती आवृत्ती?" अभियंत्याने विचारले.

काकांनी परक्यांसाठी राखून ठेवलेली प्रमाण मराठी बाहेर काढली. "ही वहिनींची."

काकीचा नातू दुपारी झोपतो आणि भोंग्याने दचकून उठतो, असे कळले. दुसऱ्या घरी लाल आणि हिरवा दिवा यांची अदलाबदल झाली होती, कारण तिथल्या आजोबांना जुन्या पेटीची सवय होती. तिसऱ्या घरी पंप बंद करणारी जोडणीच काढलेली होती. ज्या एका कामासाठी या यंत्राचा जन्म झाला, त्यातूनच काकांनी त्याला मोठ्या मायेने मुक्त केले होते.

"पाणी फुकट जायना नाय गो," काका माझ्या कानाशी कुजबुजले. "टाकयेतसून व्हावता तां माडाक जाता."

अभियंता सभ्य होता. त्याने हसू दाबले आणि स्पष्ट सांगितले, "पेट्या चांगल्या आहेत, मॅडम. पण प्रत्येक पेटी वेगळी. दुरुस्तीला आमचा माणूस गेला तर त्याने कुठला कागद बघायचा? पुढच्या महिन्यात परत येतो. तेव्हा जुळलं, तर मागणी."

मी काकांवर चिडले. ते खाली मान घालून म्हणाले, "वयनी सांगता, तिका नाय कसा म्हणूचा?" या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नव्हते. प्रथम वाटले, सगळ्या पेट्या पूर्ववत कराव्यात. काकीने मला दारातच अडवले. "भोंगो परत लावलंस तर तुज्या पेटयेक विहिरीत टाकीन गो बाय. मगे वाजांदे खंय वाजता तो!"

तेव्हा मी चिडणे थांबवून वर्गीकरण सुरू केले. काकांनी केलेल्या सगळ्या मेहेरबान्या शेवटी तीनच गोष्टींपाशी येऊन थांबत होत्या: आवाज, दिव्यांचा रंग आणि टाकी भरल्यावर पंप बंद होण्याची वेळ. मी नव्या आवृत्तीत भोंग्याला खटका दिला, दिवे बदलण्याची सोय केली आणि टाकी भरल्यावर पंप थोडा वेळ चालू ठेवणारे बटण बसवले. सारे रीतसर ड्रॉइंगवर. माडांनाही तिथे एक अधिकृत तळटीप मिळाली. मग काका आणि मी घरोघर जाऊन पेट्या बदलत राहिलो. चहा नाकारण्याची सोय मात्र कुठल्याच ड्रॉइंगवर नव्हती.

अभियंता ठरल्याप्रमाणे आला आणि थेट काकीकडेच गेला. झाकण उघडले. एकेक जोडणी तो बोटाने कागदावर आणि पेटीत शोधत गेला. काकी खटका दोनदा दाबून दाखवण्याच्या तयारीत उभी होती. अखेर त्याने ड्रॉइंगची घडी केली आणि म्हणाला, "जुळतंय. मागणीचं पत्र याच आठवड्यात धाडतो." मी गंभीर चेहरा ठेवण्याचा प्रयत्न केला, तो कितपत जमला, ते सांगता येत नाही.

काकीला मात्र त्याच क्षणी नवी कल्पना सुचली. "भावजी, खटको बरो आसा. पण भोंगो असो बोंबलण्यापेक्षा जरा गोड वाजात असो करशात?"

काकांचा हात सवयीने खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे गेला. मी पाहत होते. अभियंताही पाहत होता. हात थांबला. काकांनी आकाशाकडे पाहिले, घसा खाकरला आणि खेदाने मान हलवली.

"वयनी, आता माज्या हातात काय नाय. ड्रॉइंगात नाय तां माका करूक येना नाय."

"असा?" काकी चकित झाली, पण रागावली नाही. ड्रॉइंगवर रागावणार कोण?

काकांच्या चेहऱ्यावर अपार शांती पसरली. आयुष्यभर ज्या शब्दापाशी त्यांची जीभ अडली होती, तो शब्द आता दुसरेच कोणी त्यांच्या वतीने उच्चारत होते. घरी परतताना ते मुद्दाम लांबच्या वाटेने, सगळ्यांच्या पडव्यांसमोरून चालले. कोणीच काही मागितले नाही, याचे त्यांना जरा वाईटच वाटले असावे.