शालनताईंचं पोलकं

त्या रविवारी उपासना संपल्यावर आमच्या पाळकसाहेबांनी सहज विचारलं, "बाई, प्रभूने आपल्याला कोणत्या कामासाठी जन्माला घातलं, असं तुम्हाला वाटतं?" मी हसून वेळ मारून नेली, पण घरी आल्यावर जेवण गोड लागेना. लहानपणी मला नर्स व्हायचं होतं. वडील अकाली गेले, शिक्षण सुटलं आणि हाती शिवणयंत्र आलं. गेली तीस वर्षं मी बारामतीत बायकांची पोलकी शिवते आहे. धाकटी बहीण मात्र नर्स झाली, कितीतरी आजाऱ्यांना तिचा हात लागला. माझ्या हातून काय झालं? गळे, बाह्या आणि हुक. वर गेल्यावर देवाला हेच दाखवायचं का?

मनाशी ठरवून टाकलं, दुकान बंद करायचं आणि उरलेली वर्षं खऱ्या सेवेत घालवायची. इंदापुरातल्या एका वृद्धाश्रमाला मदतीला बाई हवी होती. त्यांनी मंगळवारी भेटायला बोलावलं. "प्रभू, ही तुझी इच्छा नसेल तर मला अडव," एवढीच प्रार्थना करून मी एसटीत बसले.

शेजारी माझ्याच वयाची एक बाई होती. ऐन उन्हात अंगभर शाल, पिशवी छातीशी घट्ट धरलेली. कंडक्टरने पिशवी वर ठेवायला सांगितली तरी तिने ती सोडली नाही. काटेवाडी मागे पडल्यावर ती माझ्याकडे बघत म्हणाली, "ताई, पदराला दोरा चिकटलाय. शिवता व्हय तुमी?"

दोरे झटकल्याशिवाय मी कधी दुकानाबाहेर पडत नाही. त्या दिवशी तो कसा राहिला, मला सांगता येणार नाही.

मी हो म्हणताच ती जवळ सरकली. तिचं नाव शालन, इंदापूरपुढच्या बावडा गावची, घरची डाळिंबाची बाग. गाठीमुळे तिचा एक स्तन काढावा लागला होता. दुखणं बरं झालं, पण तेव्हापासून ती चारचौघांत उभी राहिली नव्हती. "लेकीचं लगीन हाय आठ दिवसांवर," ती हळूच म्हणाली. "मी आपली सैपाकघरातच बसनार. आमच्याकडं शिवनारं समदं बापयगडी. त्यास्नी काय सांगू?"

इंदापूरला उतरल्यावर माझे पाय वृद्धाश्रमाकडे वळलेच नाहीत. फोनवर माफी मागितली आणि तिच्याबरोबर बावड्याची गाडी धरली. तिच्या घरी दार लावून मापं घेतली.

पुढचे दोन दिवस मी तिच्याच घरी राहिले आणि ती माझी परीक्षाच होती. रिकाम्या बाजूला नुसता कापूस भरला तर तो वर सरके. बाजरी भरली, ती टोचे. शेवटी मऊ सुती पिशवीत कापूस आणि तळाला मोहरी घातली, तेव्हा वजन बरोबर बसलं. ती पिशवी पोलक्याच्या आत शिवली. टाका घालताना मी प्रार्थना करते आहे, हे माझं मलाच उशिरा कळलं.

शालनताईंनी पोलकं घातलं, शाल बाजूला टाकली आणि आरशापुढे दोन्ही बाजूंनी वळून पाहिलं. मग विचारलं, "आत भरलंय तरी काय?"

"कापूस आणि मोहरी."

"आगं बया! म्हंजी लग्नात फोडणीला कमी पडायची न्हाय!"

आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. बाहेरून त्यांच्या मालकांनी काळजीने हाक मारली, तर या आतून म्हणाल्या, "काय न्हाय, च्या टाका जरा!" मग माझा हात धरून म्हणाल्या, "तुमच्या देवानं धाडलं बघा तुमाला." मी तर भलतीकडेच निघाले होते.

लग्नाला मला आग्रहाने बोलावलं होतं. शालनताई लेकीच्या मागे, मांडवाच्या अगदी मधोमध उभ्या होत्या आणि दोन्ही हात उंच करून अक्षता टाकत होत्या. ते बघताना वाटलं, मी देवाकडे दुसरं काम मागत राहिले आणि त्याने दिलेलं काम इतकी वर्षं माझ्या मांडीवरच होतं. मनातल्या मनात त्याचे आभार मानले, म्हटलं, आता तू पाठवशील तिचं माप घेईन, बाकीचं तुझं तू बघ. मन असं हलकं झालं की पंगतीत मी जिलेबी दोनदा मागून घेतली.