आवर घालणाऱ्या पेशी आणि पाथर्डीची माणसं

आमच्या टीबीच्या लशीच्या अभ्यासाला आता बरीच वर्षं झाली. निष्कर्ष अजून यायचेत, किस्से मात्र पोत्याने जमलेत! शोधनिबंधात त्यांना कुणी जागा देणार नाही, म्हणून इथे सांगते.

आधी काम काय ते ऐका. मी नगरच्या लॅबमध्ये टेक्निशियन. एकच लस दोघांना दिली, तरी एकाच्या अंगात ती जोरात काम करते, दुसऱ्याच्या बेताचीच. का? रक्तात लढणाऱ्या पेशी असतात, तशा त्यांना आवर घालणाऱ्याही असतात. त्यांचा यात हात आहे का, ते आम्ही शोधतोय. त्यासाठी पाथर्डीकडच्या लोकांचं रक्त तीनदा घ्यायचं. लशीआधी, महिन्याने आणि वर्षाने. तिसरं चुकलं की पहिली दोन वाया!

*

ह्या पेशी गावात समजावताना आमच्या मॅडम, म्हणजे टीमच्या मुख्य शास्त्रज्ञ, घामाघूम झाल्या. चार्ट, बाण, रंगीत गोळे... समोर कुणाला काही उमगेना. शेवटी तिथल्या आशा कार्यकर्त्या कांताबाई उठल्या.

"अवं, वस्तीवर चोर घावला की समदे तुटून पडत्यात. मधी पडनारा कुनीच न्हाई आला, तर आपलंच घर मोडतं. पन त्यो लई लवकर मधी पडला, तर चोर पळून जातो! ह्या पेशी म्हंजी त्यो मधी पडनारा."

मॅडमनी चार्ट गुंडाळला. पुढे एका मोठ्या परिषदेत त्यांनी हाच चोर उभा केला. टाळ्या पडल्या म्हणे!

*

ह्याच कांताबाईंनी पहिल्या दिवशी रक्ताची नळी सरळ बर्फाच्या पेटीत ठेवली. लसीकरणात जन्म गेलेला, हाताला सवयच ती! मी ओरडले, "ताई, लशीला बर्फ लागतो, ह्या पेशींना नाही. त्या गारठल्या की आमच्या कामाच्या राहत नाहीत."

झालं! तेव्हापासून कांताबाई पेटी मांडीवर घेऊन गाडीत बसू लागल्या आणि भर मे महिन्यात एसी बंद. "पेशींना थंडी वाजंल!" ड्रायव्हर सॅम्युअलभाऊ घामाने चिंब. पेशींना उकाडाही सोसत नाही हे मी थर्मामीटर लावून दाखवलं, तेव्हा कुठे बिचाऱ्या भाऊंना वारा मिळाला.

*

सॅम्युअलभाऊंचं सांगायचं तर, रक्त काढल्यापासून आठ तासांत लॅबमध्ये पोचवायचं, हा त्यांचा धर्मच. एकदा नाताळच्या दिवशीच एकाचं रक्त घ्यायची वेळ आली. भाऊ चर्चमधून तसेच कोट-टाय घालून हजर! वस्तीवर कुजबुज, "मोठे डॉक्टर आले!"

भाऊ टाय सरळ करत म्हणाले, "डॉक्टर नाही. पण मी नसलो तर डॉक्टरांना काही कळणार नाही."

खोटं काय आहे त्यात?

*

आता माझ्या हातून झालेलं सांगते. संगीता नावाची आमच्या अभ्यासातली बाई, हिच्या तिसऱ्या रक्ताची वेळ नेमकी तोडीच्या हंगामात आली. ती नेवाशाकडे ऊस तोडायला गेलेली. आम्ही तिचा फड गाठला. मुकादम म्हणाला, "पाच मिनिटं. ट्रॅक्टर भरायचाय." ती उसाच्या पाल्यावर बसली, मी रक्त घेतलं, आणि उठताना काचेची नळी माझ्या हातून निसटली. दगडावर पडून फुटली!

मला रडूच आलं. तिची आधीची दोन्ही रक्तं माझ्या एका चुकीने वाया जाणार होती. पुन्हा सुई टोचून घे म्हणायला तोंड कुठलं? तिकडे मुकादम ओरडतोय.

संगीताने आधी मुकादमाला हात करून थांबवलं. मग दुसऱ्या हाताची बाही वर केली आणि तो हात माझ्यापुढे धरला.

"रडती कशापाई, ताई? मोळी सुटली तर आमी परत बांधितो. घे."