माहेरचं पातळ डिक्कीत

गेल्या वैशाखात माझी मोठी बहीण अकोल्याला वारली. रात्री जेवून झोपली, सकाळी उठली नाही. वय ऐंशीच्या पुढं. दुखणं नाही, खाटेवर पडणं नाही. ज्याचा त्याचा फोन येई आणि जो तो म्हणे, भरल्या कपाळानं गेली, नशीबवान बाई. पंच्याऐंशीचा नवरा मागं राहिला, त्याला आता भाकर कोण टाकणार, हे एकानंही विचारलं नाही.

आमच्यात बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं पातळ माहेरचं पडतं. ते घेऊन माहेरचा माणूस येईपर्यंत तिला उचलत नाहीत. हीच बाई जिवंतपणी माहेरी चार दिवस जास्त राहिली तर भावजय विचारते, परतीचं कसं काय? मेल्यावर मात्र माहेराशिवाय तिचं पाऊल उचलत नाही. आमचे आईबाप गेले, मागून भाऊही गेला. आता माहेर म्हणजे अमरावतीला राहणारा भावाचा मुलगा, माझा भाचा. नवरा गेल्यापासून मीही त्याच्याच घरामागच्या खोलीत राहते आणि चौकात हारफुलं विकते.

सकाळी सहाला बहिणीच्या मुलाचा फोन आला.

"मावशी, ऊन लई हाय. बाराच्या आत न्या लागते. पातळ घेऊन लवकर या."

भाच्यानं फोन माझ्या हातातून घेतला. "काही फिकर करू नको. आपली गाडी घेऊन येतो. साडेनवाले तुह्या अंगणात उभा समज."

गाडी घेऊन दोन वर्षं झाली, तरी 'आपली गाडी' म्हणताना त्याचा आवाज अजून भारी होतो. गाडी पांढरी आहे, मोठी आहे, बिनगिअरची आहे. चालताना मी तिला फार कमी पाहिलं. भाचा कामावर दुचाकीनं जातो, कारण गाडीला ओरखडा पडेल. त्याची बायको बाजारात ऑटोनं जाते, कारण तिथं गाडी लावायला जागा नसते. गाडी रोज धुतली जाते, दसऱ्याला तिला हार असतो, दर शनिवारी नवं लिंबू-मिरची असतं. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, उन्हाळ्यात पाठीला चिकटतं. संध्याकाळी भाचा दारं लावून आत बसतो, दिवे लावतो, गाणी लावतो, फोनवर बोलतो. बायकोनं विचारलं तर सांगतो, जरा गाडीत होतो. गाडी जागची हललेली नसते. आदल्या संध्याकाळी दोन मित्रांना घेऊन असाच तीन तास बसला होता. गाणी माझ्या खोलीपर्यंत येत होती.

पातळ सूनबाईनं, म्हणजे भाच्याच्या बायकोनं, कपाटातून काढलं. तिच्या भावाचं लग्न जवळ आलं होतं, तिथं द्यायला घेतलेली हिरवी रेशमी साडी खोक्यासकट होती. तिचा जीव होत नव्हता, पण भाचा म्हणाला, "अकोल्याचे लोकं पाह्यतीन." डिक्की बटणानं उघडली. खोका, नारळ आणि मी पहाटे विकायला ओवलेला हार आत ठेवला, डिक्की लावली, आणि आम्ही तिघं प्लास्टिकवर बसलो.

भाच्यानं बटण दाबलं. टक टक टक टक. समोरचे दिवे लुकलुकले.

"घेते, घेते," तो म्हणाला आणि पुन्हा दाबलं. दहाबारा वेळा तरी दाबलं असेल. शेवटी टकटकही बंद झाली.

आमच्या गल्लीत वीज खात्यातून रिटायर झालेले एक साहेब राहतात. ते बनियनवरच आले. "बॅटरी बसली," म्हणाले. एवढं तर मलाही कळलं होतं. बोनट कुठून उघडतं ते भाच्याला माहीत नव्हतं. दोन वर्षं गाडी पुसली, आत काय आहे ते कधी पाहिलं नाही. साहेबांनी खाली वाकून दांडी शोधली, बोनट उघडलं, आणि कढत पाणी मागितलं. सूनबाईनं चहाचं आधण आणलं. ते बॅटरीच्या टोकांवर ओतलं. पांढरी बुरशी धुऊन गेली, बॅटरी स्वच्छ झाली, मेलेली ती मेलेलीच राहिली.

मग धक्का. गल्लीतली सहा माणसं लागली. जोर लावा, हां, अजून, म्हणत साहेब बाजूनं चालायच्या तयारीत उभे राहिले. गाडी वीतभरही सरकली नाही. सहाही जण घामानं भिजल्यावर साहेबांना आठवलं की बिनगिअरची गाडी धक्क्यानं सुरू होत नसते, आणि बॅटरी बसली की ती जागचीही सुटत नाही.

"हे पह्यले काहून नाई सांगतलं?" एकानं विचारलं.

"तुमी विचारलं कुठी?" साहेब म्हणाले.

तेवढ्यात अकोल्याचा फोन आला. भाचा बाजूला जाऊन बोलला, पण त्याचं बाजूचं बोलणं पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं. "हो हो, निघालो ना. बडनेरा सोडलं."

मी म्हटलं, "बडनेरा कोणं सोडलं रे? आपण तं अजून दारातली नाली नाई सोडली."

"आत्या, तू बस जराशी. बॅटरीवाला पाच मिनटात येऊन राहिला. मंग वाटेत टाइम कव्हर करतो."

"भाड्याची गाडी बोलाव."

"सोताची दारात असताना भाड्याची? त्याइच्या घरी दोन गाड्या हायेत. माही एक सुरू नाई होत हे सांगू काय त्याइले?"

"बहिणीले सांगाचं काम नाई, ती मेली. बाकीच्याइले सांग."

त्यानं बॅटरीवाल्याला पुन्हा फोन लावला. बॅटरीवालाही म्हणाला, निघालो ना, चौकात आलो. मला वाटतं तोही तेव्हा घरीच अंघोळ करत असेल. आमच्या इकडं माणूस फोनवर नेहमी पुढच्या गावात असतो.

मी सूनबाईला म्हटलं, खोका दे, मी यष्टीनं जाते. ती डिक्कीकडं गेली. बटण दाबलं, डिक्की उघडेना. डिक्कीलाही बॅटरी लागते हे तेव्हा कळलं. साहेबांनी डिक्कीवर दोन बुक्क्या मारल्या. भाचा ओरडला, "रंग जाईन, साहेब!"

पावणेनऊला पुन्हा फोन. भाच्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "मूर्तिजापूर. हो, मूर्तिजापुरातच हावो. आलोच."

आता मी बसून राहिले नाही. भाच्याला कळलं नव्हतं, मला कळलं होतं. पाव्हणे अर्ध्या वाटेवर, मूर्तिजापूरला आले म्हटलं की तिकडं घाई सुरू होते. अंघोळ घालतील, आणि आता येतीलच म्हणून तिला अंगणात काढतील. एकदा बाहेर काढली की परत घरात घेत नाहीत. वैशाखाचं ऊन, अकोल्याचं अंगण, आणि पातळ अमरावतीत डिक्कीत. बाराच्या आत तिच्या अंगावर माहेरचं काही पडायचं असेल तर ते मलाच न्यावं लागणार होतं.

मी खोलीत गेले आणि पेटी उघडली. तळाशी एक हिरवं पातळ होतं. ह्याच भाच्याच्या लग्नात माझ्या भावानं आम्हा दोघी बहिणींना घेतलं होतं. दोन्ही हिरवी, पण माझ्या पातळाचा काठ चार बोटं रुंद होता आणि तिच्या पातळाचा दोन बोटं. ती मांडवातच म्हणाली, "लहानीले बरं चांगलं घेतलं. बदलून दे." मी म्हटलं, नाही देत. त्यावर ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही. त्याच साली माझा नवरा गेला, हिरवं नेसायचं राहिलं. तरी मी दिलं नाही. एकदा नाही म्हटलं म्हणजे नाही.

ते पातळ पिशवीत घातलं आणि ऑटोनं बसस्टँडवर गेले. अकोल्याची गाडी लागलेलीच होती. पंचाहत्तरी झाल्यापासून मला यष्टीत तिकीट लागत नाही, पण आधार कार्ड दाखवावं लागतं.

कंडक्टरनं कार्ड पाहिलं, मला पाहिलं. "आजी, हा फोटो तुमचाच हाय ना?"

"मंग काय शेजारणीचा घेऊन फिरू?"

"नाई, यात लई तरण्या दिसता."

"तवा बहीण जिती होती. चाल, पुढं हो."

बडनेरा सुटल्यावर मी बहिणीच्या मुलाला फोन लावला. तिकडं गलका होता. मी म्हटलं, "बाबू, गाडी अमरावतीतच हाय. तिले सावलीत ठेव. मी यष्टीनं..." तो म्हणाला, "हो मावशी, बोरगाव मंजूले पोचले ना? दादानं आताच सांगतलं. या, या," आणि फोन ठेवला. म्हणजे दारातली गाडी भाच्यानं एव्हाना अकोल्याजवळ नेली होती. म्हाताऱ्या बाईचा फोन माणसं ऐकत नाहीत, उचलतात फक्त.

मूर्तिजापूर मी त्यानंतर तासाभरानं पाहिलं. भाच्याची गाडी तिथं कुठं दिसली नाही.

पोचले तेव्हा बाराला थोडा वेळ होता. तिला अंगणात काढून दोन तास झाले होते. सकाळी ठेवलं तेव्हा भिंतीची सावली असेल. सावली काही माहेरच्या माणसाची वाट पाहत थांबत नाही. ऊन तोंडावर आलं होतं. एक सून पुठ्ठ्यानं वारा घालत होती, दुसरी ओला फडका घेऊन बसली होती. भाऊजी खुर्चीवर बसून चहा मागत होते. चहा कोण करायची ते अजून त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

बहिणीचा मुलगा माझ्यामागं पाहत म्हणाला, "गाडी कुठी हाय?"

"गाडी घरी हाय. मी आली."

मी पातळ पिशवीतून काढलं. तिचा दीर उठला. जन्मभर त्यानं कुठल्याही कामाला हात लावला नाही, पण रीत कुठं चुकते ते त्याला लांबून दिसतं. "थांबा बाई. पातळ माहेरच्या माणसानं आणा लागते. तुमी तं सासरी दिलेल्या."

"माहेरचा माणूस गाडीत बसला हाय. आन गाडी अमरावतीत उभी हाय. हे पातळ तिच्या भावानं सोताच्या हातानं घेतलेलं हाय. गाडीची वाट पाहाची असन तं पाहा, पण मंग तिच्या बाजूले तुमी बी असेच उन्हात निजा."

तो बसला. बायकांनी धरलं आणि मी पातळ तिच्या अंगावर घातलं. काठ वर यायला हवा होता, बायकांनी खाली दाबला होता. तो मी ओढून नीट केला. चार बोटं रुंद, सगळ्यांना दिसेल असा. तिचं तोंड नेहमीसारखंच होतं, कोणावर तरी नाराज. आमचं भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. तिला कळलंच नाही.

तिला उचलणार एवढ्यात बहिणीच्या मुलाचा फोन वाजला. भाचा होता. "बोरगाव मंजूले हावो. वीस मिनटं थांबा. आईची शपथ."

ते खरं होतं. त्या दिवशी तो एवढं एकच खरं बोलला, आणि तेच कोणी मानलं नाही. बहिणीचा मुलगा म्हणाला, "हो दादा, ये," आणि चौघांना म्हणाला, "उचला."

वीस मिनिटांनी गाडी आली. माणसं मोक्षधामात गेली होती, अंगणात आम्ही बायाच होतो. बॅटरीवाल्यानं दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला तार लावून ती सुरू करून दिली होती आणि बजावलं होतं की घरी परत जाईस्तोवर बंद करू नका. त्यानं म्हणे निघण्याआधी मागच्या सीटवरचं प्लास्टिक फाडलं, सीट पुढं पाडली आणि खोका आतून ओढून दाखवला. "एवढ्यासाठी थांबले होते काय?" असंही म्हणाला. हे मला सूनबाईनं सांगितलं, नवऱ्यादेखत.

भाचा मोक्षधामात गेला नाही. गाडी नेली तर तिथल्या गर्दीत ओरखडा पडेल, चालू ठेवून गेला तर कोणी नेईल. तो फाटकात उभा राहिला, एक पाय अंगणात, एक गाडीकडं. गाडी घरघरत होती, आत एसी चालू होता आणि लिंबू-मिरची हलत होती. खोका त्याच्या हातात होता.

"आता याचं काय कराचं?" तो म्हणाला.

सूनबाई म्हणाली, "मयतीले काढलेली साडी माह्या भावाच्या लग्नात नाई द्यायची हं मी. सांगून ठेवतो."

भाच्यानं खोका या हातातून त्या हातात घेतला. मग भाच्याच्या तोंडावर जरा उजेड आला. "वाया नाई जात. आत्याले होईन. कधी ना कधी लागनच."

 पुठ्ठ्यानं आता स्वतःलाच वारा घेत बसलेल्या सुनेचा हात थांबला. भाच्याला काय बोललो ते कळलं, आणि तो फाटकातून गाडीकडं पाहू लागला, जणू तिनंच ते म्हटलं.

"आण इकडं," मी म्हटलं.

तिसरा दिवस झाल्यावर मी यष्टीनं परत आले. भाच्यानं नवी बॅटरी बसवली आहे. दर रविवारी तो गाडी पंधरा मिनिटं सुरू ठेवतो, साहेब शेजारी उभे राहून आवाज ऐकतात, आणि मग दोघं मिळून ती बंद करतात. सीटवर नवं प्लास्टिक आलं आहे.

खोका माझ्या पेटीत आहे. साडी हिरवी आहे आणि मी विधवा, तेव्हा कोणीतरी म्हणेल, चालत नाही. म्हणो. मी ऐकायला नसेन. भाच्याच्या दारापासून माझ्या खोलीपर्यंत बावीस पावलं आहेत. मी मोजली. तेवढं तो चालत येईल.