पहिलीच्या वर्गातले गव्हले

आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण करणारी पहिली मी. कोणी विचारो न विचारो, मी सांगते. पण पेन्सिल हातात यायच्या आधी आईशेजारी बसून मी गव्हले वळले, हेही सांगते. गव्हले म्हणजे कणकेचे गव्हाएवढे दाणे. चिमटीत वळायचे, सुपात वाळवायचे, सणाला खीर करायची.

पातूरकडच्या एका खेड्यात मी पहिलीला शिकवते. यंदा एक पोरगा आला, तो पेन्सिल कुदळीसारखी मुठीत धरायचा. टोक मोडायचं, कागद फाटायचा, मग हा पाटीआड तोंड लपवायचा. म्हटलं, आधी याच्या बोटांत जोर आला पाहिजे. घरून कणीक मळून नेली आणि सगळा वर्ग गव्हले वळायला बसवला. पोरांना वाटलं, आज सुट्टीच. कोणाचा गव्हला बोराएवढा, कोणी उंदराची शेपटी केली, एकीने कच्ची कणीकच खाल्ली. वळलेल्यांचे दहा-दहाचे ढीग लावले, त्यात गणितही उरकलं. मग रोजच थोडा वेळ हे सुरू झालं.

त्या पोराने घरी जाहीर केलं, "मी मोठा झालो का गव्हलेच करीन." गोष्ट पारावर पोचली, तिथली माणसं हसली. त्याचे आजोबा तडक शाळेत.

"मॅडम, घरी बाया हायेत गव्हले कराले. तुमी लिवनं शिकवा. का याचं रुखवत मांडाचं हाय?"

"मांडू ना आबाजी. आधी त्याले पेन्सिल तर धरता येऊ द्या."

"अकोल्यातले पोरं पानंच्या पानं लिवतात."

"त्यायची बोटं पाहिली का तुमी?"

"बोटं काय पाहाचे? दिवाळी झाली का याले तिकडंच टाकतो."

मुठीत पेन्सिल धरून हा तिकडे गेला असता, तर पुन्हा पाटीआड गेला असता, आणि तिथून त्याला बाहेर काढायला कोणाला वेळ होता? मीही काही कमी हट्टी नाही. कणीक बंद केली नाही. गव्हल्यांवरून बोटवे, म्हणजे कणकेच्या लांब वळ्या, मग चिमटीने रांगोळी, मग जाडा खडू, आणि शेवटी पेन्सिल.

दिवाळीनंतर शाळा उघडली, तर आजोबा ऑटो घेऊनच हजर.

"चाल रे, आटप."

"थांबा ना आबा. बकरीतली री राह्यली."

आजोबा वाकले. ब जरा कलंडलेला, क फुगलेला, पण कागद कुठे फाटलेला नव्हता.

"हे तुनं लिवलं?"

"मंग कोनं? मॅडमचं अक्षर चांगलं राह्यते."

पोराने जीभ दातांत धरली आणि री काढायला घेतली. पेन्सिल तीन बोटांत होती. आजोबा बराच वेळ त्या बोटांकडे पाहत राहिले. बाहेर ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला, तसे ते दारात गेले.

"जाय बाप्पा तू," ते म्हणाले. "पोरगं लिवून राह्यलं."